क्ष-किरण तंत्रज्ञ कसा घडला : पोळलेल्या हातांपासून अभ्यासक्रमापर्यंत

आपल्याकडे खेडोपाडी अजूनही एक्स-रेला ‘फोटो’ म्हणतात. छातीचा फोटो, पायाचा फोटो. फोटो सांगणारा डॉक्टर रुग्णाच्या लक्षात राहतो, तो पाहून निदान करणाराही राहतो. काढणाऱ्याची आठवण मात्र ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा’ एवढ्यापुरतीच उरते. आजचा धागा या तिसऱ्या माणसाविषयी आहे. हे काम शिकवण्याजोगी विद्या आहे, एवढे मान्य व्हायलाच जवळजवळ पाव शतक गेले, आणि त्या काळात ज्यांनी ती शिकून घेतली त्यांनी शिक्षणाचे शुल्क स्वतःच्या शरीराने भरले.

आरंभ सर्वांना ठाऊक आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्यूर्झबर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांना एका अज्ञात किरणांचा शोध लागला. जानेवारी १८९६ मध्ये ती वार्ता जगभर पसरली आणि काही आठवड्यांतच अनेक शहरांत लोक स्वतःच्या हाताची हाडे पाहू लागले. लागणारी सामग्री दुर्मीळ नव्हती. विद्युत् प्रयोगांची नलिका आणि उच्च दाबाचे वेटोळे पदार्थविज्ञानाच्या बहुतेक प्रयोगशाळांत आधीपासूनच होते.

त्यामुळे पहिले ‘क्ष-किरणकार’ कोण होते, हे पाहणे मनोरंजक आहे. छायाचित्रकार, विद्युत् उपकरणांचे विक्रेते, काचकाम करणारे कारागीर, हौशी अभियंते. डॉक्टर होते, पण त्यांतल्या पुष्कळांना विजेचे ज्ञान नव्हते. आणि ज्यांना विजेचे ज्ञान होते त्यांना शरीररचना ठाऊक नव्हती. हे दोन्ही एकाच माणसाला यावे लागते, ही या विद्येची मूळ अडचण. पुढचा सारा इतिहास या अडचणीभोवती फिरतो.

पहिल्या पिढीची नलिका समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून थोडे थांबू. तिच्यात किंचित वायू शिल्लक ठेवलेला असे. त्या वायूच्या प्रमाणावर किरणांची भेदकता अवलंबून असायची. वापरता वापरता वायू कमी होई, नलिका ‘कठीण’ बने आणि किरण इतके भेदक होत की हाड आणि मांस यांतला फरकच पुसट व्हायचा. वायू जास्त असला की नलिका ‘मऊ’; मग किरण हाडापाशी अडत आणि चित्र नुसते काळेपांढरे उमटे. सकाळची नलिका आणि दुपारची नलिका यांचा स्वभाव निराळा असे.

मग आज नलिकेचा स्वभाव कसा आहे, हे ओळखायचे कसे? उपाय अगदी हाताशी होता, शब्दशः. नलिका आणि चमकणारा पडदा यांच्या मध्ये स्वतःचा हात धरायचा. हाडांची सावली गडद दिसली तर मऊ, फिकट दिसली तर कठीण. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे, तोच हात. त्या काळी उमेदवारी करणारा मुलगा उस्तादाकडून जी पहिली युक्ती शिकायचा, ती ही.

क्लॅरन्स डॅली हा एडिसनच्या प्रयोगशाळेतील काचकाम जाणणारा सहायक. एडिसनसाठी तो १८९६ पासून क्ष-किरण नलिकांच्या चाचण्या घेत होता. डावा हात पोळला तेव्हा त्याने उजवा वापरायला घेतला. पुढे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. एडिसनने या किरणांचे काम सोडून दिले. जगाने अर्थातच सोडले नाही.

एलिझाबेथ फ्लायशमन यांची कहाणी आपल्या विषयाला अधिक जवळची. सॅन फ्रान्सिस्कोतील ही तरुणी शाळा अर्धवट सोडून हिशेबनिसाचे काम करत होती. रॉन्टगेनच्या शोधाविषयी वाचून तिने सहा महिने विद्युत्‌शास्त्राचे शिक्षण घेतले, यंत्र विकत घेतले आणि स्वतःची क्ष-किरण प्रयोगशाळा थाटली. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर फिलिपिन्समधून परतलेल्या जखमी सैनिकांच्या तिने काढलेल्या चित्रांची लष्करी वैद्यकाने वाखाणणी केली. काम उत्तम यावे म्हणून रुग्णाच्या आधी स्वतःवर किरण घेऊन पाहण्याची तिची पद्धत होती. जानेवारी १९०५ मध्ये तिचा हात काढून टाकावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती गेली.

या दोघांत एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. डॅली मालकाच्या प्रयोगाचा भाग होता. फ्लायशमन हिने मात्र हा आपला व्यवसाय मानला, त्यासाठी शिक्षण घेतले आणि ते कोठे मिळेल याचा शोधही स्वतःच घेतला. पण तिला मिळाले ते विजेचे शिक्षण. किरणांचे शिक्षण देणारी शाळाच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

युद्धभूमीवर हे यंत्र लवकरच पोहोचले होते. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी क्ष-किरण सामग्री नेऊन जखमींच्या शरीरातील गोळ्या शोधल्या. म्हणजे त्या वेळच्या हिंदुस्थानच्या सीमेवर हे तंत्र शोधानंतर दोनच वर्षांत वापरात आले होते. पण तेथे यंत्र चालवणारा आणि चित्र वाचणारा अधिकारी एकच होता. शेकडो जखमींसाठी हे चालून जाते. लाखो जखमी आल्यावर काय करायचे, हा प्रश्न १९१४ ने विचारला.

आता पॅरिसला जाऊ. ऑगस्ट १९१४. मादाम क्युरी तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या. दोन नोबेल पारितोषिके त्यांच्या नावावर होती आणि त्यांची रेडियम संस्था नुकतीच उभी राहिली होती. तरुण सहकारी सैन्यात गेले, प्रयोगशाळा ओस पडली. संस्थेतला रेडियमचा साठा शिशाच्या जड पेटीत घालून त्यांनी आगगाडीने बोर्दोला नेऊन सुरक्षित ठेवला आणि त्या परत आल्या.

त्यांच्या ध्यानात आले ते असे : तोफगोळ्यांचे तुकडे शरीरात खोल रुतलेले, शल्यचिकित्सक ते अंदाजाने शोधतात आणि क्ष-किरण यंत्रे आहेत ती मोठ्या शहरांतील रुग्णालयांत. जखमी माणूस तिथवर पोहोचेपर्यंत जखम चिघळते. तेव्हा यंत्रानेच जखमीकडे जायला हवे.

त्यातून फिरत्या गाड्या निघाल्या. फ्रेंच महिलांच्या एका संघटनेने पहिल्या गाडीसाठी पैसा दिला. पुढे श्रीमंत घराण्यांकडून मोटारी मागून घेतल्या गेल्या. गाडीत डायनॅमो, यंत्र, नलिका, घडीचे टेबल आणि खिडक्या झाकायला काळे पडदे. गाडीचेच इंजिन डायनॅमो फिरवी आणि वीज तयार होई. रुग्णालयाच्या दाराशी उभे राहायचे, तारा आत न्यायच्या, एखादी खोली अंधारी करायची आणि कामाला लागायचे. सैनिकांनी या गाड्यांचे नाव ‘छोट्या क्युरी’ असे पाडले.

येथे इतिहासकार बहुधा गाड्यांचेच कौतुक करून थांबतात. छायाचित्रही प्रसिद्ध आहे : मोटारीच्या चाकामागे बसलेल्या मादाम क्युरी. पण गाडी हा या कामाचा सोपा भाग होता. गाडीत बसवायला माणूस कोठून आणायचा, हा कठीण.

क्युरी यांना स्वतःलाही हे काम येत नव्हते, हे विसरू नये. किरणोत्सर्ग हा त्यांचा विषय होता. क्ष-किरणांनी माणसाची तपासणी कशी करतात, हा नव्हे. त्या डॉक्टरांकडून तपासणीची रीत शिकल्या, शरीररचनेची पुस्तके घेऊन बसल्या, मोटार चालवायला शिकल्या आणि गाडी बंद पडली तर दुरुस्त करण्यापुरते यंत्रज्ञानही त्यांनी मिळवले. दोन नोबेलांची धनीण पुन्हा विद्यार्थिनी झाली. पुढे त्यांनी जो अभ्यासक्रम आखला, त्याचा साचा म्हणजे या काही महिन्यांत त्या स्वतः जे शिकल्या तेच, असे मला वाटते.

सुरुवातीला यंत्रे चालवायला पुरुष सैनिक मिळत. पण माणूस जरा तयार झाला की त्याची बदली होई किंवा त्याला आघाडीवर बोलावणे येई. यावर क्युरी यांचा उपाय होता : स्त्रियांना शिकवायचे. १९१६ पासून पॅरिसमध्ये त्यांनी नियमित वर्ग सुरू केले. वर्ग एडिथ कॅव्हेल यांच्या नावाने चालवल्या जाणाऱ्या रुग्णालय-शाळेशी जोडलेले होते. कॅव्हेल म्हणजे बेल्जियममध्ये दोस्त सैनिकांना पळून जायला मदत केल्याबद्दल १९१५ मध्ये जर्मनांनी गोळ्या घातलेली ब्रिटिश परिचारिका.

शिकवायला तिघी होत्या : स्वतः मादाम क्युरी, त्यांची थोरली मुलगी इरेन आणि मार्थ क्लाइन. अभ्यासक्रम काही आठवड्यांचा. वीज आणि विद्युत्‌प्रवाह, क्ष-किरणांचे स्वरूप, यंत्राची जोडणी, काचेच्या तबकड्यांवर चित्र उमटवणे, शरीररचना. आणि या सर्वांहून अधिक प्रात्यक्षिक. विद्यार्थिनी वेगवेगळ्या थरांतून आलेल्या. कोणी सुशिक्षित घरातल्या, तर कोणी जेमतेम शाळा पाहिलेल्या. विजेचा ‘व’ माहीत नसलेल्या बाईला काही आठवड्यांत एकटीने केंद्र सांभाळण्याइतके तयार करायचे होते.

फ्रेंच भाषेत त्यांना ‘मानिप्युलात्रिस’ म्हणत. यंत्र हाताळणारी, असा त्याचा अर्थ. आणि त्या शब्दाच्या मुळाशी ‘हात’ या अर्थाचाच लॅटिन शब्द आहे.

त्यांना नेमके काय करावे लागे? एक उदाहरण देतो, कारण येथेच ही विद्या निव्वळ कळ दाबण्यापलीकडची आहे, हे दिसते. एक्स-रे ही सावली आहे. मांडीत लोखंडाचा तुकडा आहे एवढे सावली सांगते. तो किती खोल आहे, हे सांगत नाही. आणि शल्यचिकित्सकाला नेमकी खोलीच हवी असते.

त्यासाठी एकाच तबकडीवर दोन चित्रे घेत. रुग्ण हलवायचा नाही. नलिका ठरावीक अंतर बाजूला सरकवायची. नलिका सरकली की तुकड्याची सावली उलट दिशेला सरकते. समजा, नलिका तबकडीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे, ती १० सेंटिमीटर सरकवली आणि सावली २ सेंटिमीटर सरकली. समरूप त्रिकोणांचा नियम लावा : २ गुणिले ६० भागिले १२. तुकडा तबकडीपासून १० सेंटिमीटर वर आहे. दहावीच्या भूमितीत आपण जे समरूप त्रिकोण ‘हे आयुष्यात कुठे लागणार’ म्हणून शिव्या घालत सोडवतो, ते येथे लागत होते. मापात चूक झाली तर सुरी चुकीच्या जागी जायची.

सगळ्या शल्यचिकित्सकांना हे पटत नसे. इरेन बेल्जियमच्या आघाडीवर हूगस्टाड येथील रुग्णालयात काम करीत होती. वय अवघे अठरा. गोळी ज्या छिद्रातून आत शिरली तेथूनच ती शोधण्याची सवय असलेल्या, वयाने दुपटीहून मोठ्या लष्करी डॉक्टरांना तिला सांगावे लागे की तुकडा त्या दिशेला नाही, या दिशेला आहे. तेथे तिने आपल्या जागी काम करणारी माणसे तयार केली आणि मग ती पुढच्या केंद्राकडे निघाली. या धावपळीतच तिने सोरबोनच्या गणित, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या परीक्षाही दिल्या. (परीक्षा पुढे ढकलण्यासाठी अर्ज लिहिणाऱ्या माझ्यासह सर्व मित्रमंडळींनी याची नोंद घ्यावी.)

युद्ध संपेपर्यंत सुमारे १५० स्त्रिया या वर्गांतून तयार झाल्या. क्युरी यांनी सुमारे २० गाड्या आणि २०० स्थिर केंद्रे उभारली. फ्रान्सच्या एकूण युद्धकालीन क्ष-किरण सेवेत दहा लाखांहून अधिक तपासण्या झाल्या. १९२१ मध्ये क्युरी यांनी युद्धातील रेडिओलॉजीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्या स्वतःविषयी जवळजवळ बोलतच नाहीत. पण साधारण शिक्षण झालेली स्त्री हे काम पूर्ण जबाबदारीने करू शकते, हे मात्र ठासून मांडतात. त्या १५० जणींपैकी फार थोड्यांची नावे आज कोणाला सांगता येतील.

या अभ्यासक्रमात काय नव्हते, हेही विचारायला हवे. किरणांपासून इजा होते, हे १९१६ मध्ये गुपित नव्हते. डॅली जाऊन बारा वर्षे झाली होती. शिशाचे पडदे, हातमोजे अशी साधने होती, पण तुटपुंजी, आणि घाईत ती बाजूला पडत. त्यातून वेळ वाचवण्यासाठी पुष्कळदा तबकडी न वापरता चमकत्या पडद्यावर थेट पाहिले जाई. म्हणजे नलिका चालू आणि डॉक्टर, रुग्ण व यंत्र चालवणारी असे तिघेही अंधाऱ्या खोलीत शेजारी शेजारी. जखमींची रांग दाराबाहेर लागलेली असताना स्वतःचा विचार कोणी करीत नसे. हे धैर्य होते यात शंका नाही. पण ते करायला लागू नये अशी व्यवस्था लावणे हे शिक्षणाचे काम होते, आणि ते शिक्षण अजून व्हायचे होते.

१९१९ मध्ये, मायदेशी परतण्याची वाट पाहणाऱ्या काही अमेरिकन सैनिकांनाही क्युरी यांच्या संस्थेत हे शिक्षण देण्यात आले. कथेचा पुढचा भाग अमेरिकेतच घडतो.

तेथे यंत्रच बदलले होते. १९१३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम कूलिज यांनी तापलेल्या टंगस्टन तारेची नवी नलिका बनवली. तिच्यात उरलेल्या वायूवर काही अवलंबून नव्हते. किरण किती आणि ते किती भेदक, हे दोन्ही आता वेगवेगळे, आकड्यांनी ठरवता येऊ लागले. नलिका सकाळी जशी वागे तशीच दुपारीही. परिणाम दूरगामी झाला. स्वतःचा हात मध्ये धरून पाहण्याची गरज संपली, आणि जी गोष्ट उस्तादाच्या अंदाजात होती ती कोष्टकात लिहिता येऊ लागली. लिहिता येते ते शिकवता येते. शिकवता येते त्याची परीक्षा घेता येते. क्ष-किरण तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम उभा राहण्यात कोणत्याही समितीपेक्षा या नलिकेचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

ही संधी ओळखली एड जर्मन यांनी. (आडनाव जर्मन, माणूस अमेरिकन.) हे डॉक्टर नव्हते, क्ष-किरण यंत्रांच्या धंद्यातले होते. शिकागोच्या व्हिक्टर कंपनीत शिक्षण विभाग सांभाळताना गावोगावच्या रुग्णालयांत यंत्र पोहोचते, पण चालवणारा नसतो, हे त्यांनी पाहिले होते. १९२० मध्ये शिकागोला मूठभर तंत्रज्ञांना एकत्र करून त्यांनी संघटना स्थापली. १९२२ मध्ये रेडिओलॉजिस्टांच्या पाठिंब्याने नोंदणीपट सुरू झाला : परीक्षा द्या, आपण काढलेली चित्रे दाखवा, नाव नोंदवा. त्या पटावरचे पहिले नाव एका जोगिणीचे आहे, सिस्टर बिॲट्रिस मेरिगन. धर्मसंघांच्या रुग्णालयांत यंत्रे बहुधा जोगिणीच चालवत, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही.

ब्रिटनमध्येही १९२० मध्येच रेडिओग्राफरांची संस्था निघाली. पण तेथे लगेच दुसरा वाद पेटला : चित्र वाचायचे कोणी? युद्धकाळात अनुभवी तंत्रज्ञ सर्रास निदान सांगत होते. डॉक्टरांनी ते थांबवले, आणि १९२० च्या दशकातच ‘काढणारा’ आणि ‘वाचणारा’ यांच्यात रेघ ओढली गेली. हूगस्टाडच्या अठरा वर्षांच्या मुलीने डॉक्टरांना जे सांगितले होते, ते दहा वर्षांनंतर ब्रिटनमधल्या तिच्या व्यवसायबंधूंना सांगायची मुभा उरली नाही. डॉक्टरांचा युक्तिवाद अगदीच चुकीचा होता असे नाही. तरी फोटो काढणाऱ्याची ओळख आपल्या मनात उरत नाही, याचे मूळ काही अंशी त्या रेघेतही आहे.

दरम्यान किंमत मोजली जातच होती. ४ एप्रिल १९३६ रोजी हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात एक स्मारकशिला उभी राहिली. त्यावर क्ष-किरण आणि रेडियम यांच्या कामात प्राण गेलेल्या १६९ जणांची नावे होती. डॉक्टर, पदार्थवैज्ञानिक, तंत्रज्ञ, परिचारिका, सारे एकत्र. पुढे त्यात आणखी नावे घालावी लागली.

मादाम क्युरी १९३४ मध्ये अस्थिमज्जेच्या विकाराने वारल्या. रेडियमने त्यांचा बळी घेतला, हे वाक्य आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पांतेओनमध्ये हलवताना शवपेटी उघडली गेली. आत आढळलेला किरणोत्सर्ग अपेक्षेपेक्षा कमी, सुरक्षित मर्यादेच्या खालचा होता. तेव्हा फ्रान्सच्या किरणसंरक्षण यंत्रणेने मत दिले की त्यांच्या आजाराला रेडियमपेक्षा युद्धकाळातील क्ष-किरणांचे काम कारणीभूत असण्याची शक्यता अधिक आहे. म्हणजे त्या गेल्या त्या बहुधा वैज्ञानिक म्हणून नव्हे, तर क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून.

भारतात या व्यवसायाला देशपातळीवर कायद्याने नोंदणीची चौकट मिळाली ती २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने. जर्मन यांच्या नोंदणीपटानंतर ९९ वर्षांनी. पदविका आणि पदव्या त्याआधी बऱ्याच होत्या, परिषद नव्हती. किरणसुरक्षेची व्यवस्था मात्र आपल्याकडे फार आधी लागली, आणि तिचे केंद्र मुंबईत आहे : ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ.

पुढच्या वेळी फोटो काढायला जाल तेव्हा काढणाऱ्याने छातीशी लावलेला लहानसा बिल्ला पाहा. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. त्यातल्या चकत्या अंगावर पडलेल्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत जातात, तेथे तापवल्या की साठलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात प्रकाश देतात, आणि त्यावरून त्या माणसाच्या नावावर आकडा लिहिला जातो. प्रत्येक संचात एक जादा बिल्ला असतो. तो कोणीच लावायचा नाही. किरणांपासून दूर ठेवायचा, तुलनेसाठी. शिशाचा एप्रन घातला असेल तर आपला बिल्ला एप्रनच्या आत, छातीवर लावायचा आणि काम संपल्यावर तो यंत्राच्या खोलीत टांगून ठेवायचा नाही, हे आता विद्यार्थ्याला सुरुवातीलाच सांगतात.